प्रथिनाचा स्फटिक: थेंबापासून नकाशापर्यंत

क्ष-किरण स्फटिकशास्त्रात प्रत्यक्ष क्ष-किरणांचं काम सगळ्यात लवकर उरकतं. आजच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतितीव्र क्ष-किरण देणाऱ्या प्रवेगक यंत्रावर, एका स्फटिकाची पूर्ण मोजणी काही मिनिटांत होते. त्याआधीचे महिने थेंबांपुढे जातात आणि नंतरचे आठवडे नकाशापुढे, म्हणजे रेणूत इलेक्ट्रॉन कुठे किती दाट आहेत ते दाखवणाऱ्या चित्रापुढे. या दोन्ही ठिकाणी मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा पडत राहिला: हे खरोखर दिसतंय, की दिसावं असं मला वाटतंय? ही हकिगत त्या प्रश्नाच्या अंगानेच सांगते.

आमचं एन्झाइम एका जिवाणूतलं, साडेतीनशेच्या आसपास अमिनो आम्लांचं. त्याचं काम रोखणारा एक छोटा रेणू गटाच्या हाती आधीच आला होता. तो एन्झाइमच्या खाचेत नेमका कसा बसतो, कुठल्या अणूंना धरतो, हे पाहायचं होतं. प्रथिन जेमतेम ३८ किलोडाल्टनचं. इतक्या लहान प्रथिनाला क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक अजूनही अवघड जातो. अल्फाफोल्ड हे प्रथिनाच्या आकाराचं भाकीत करणारं सॉफ्टवेअर घडी छान सांगतं, पण रेणू बसल्यावर कोणती बाजूसाखळी (अमिनो आम्लाचा कण्याबाहेरचा भाग) किती वळली, पाण्याचा कोणता रेणू हलला, हे मोजूनच कळतं. त्यामुळे स्फटिक हवाच होता.

सुरुवात शुद्धीकरणापासून. प्रथिन ई. कोलायमध्ये बनवलं, सहा हिस्टिडिनच्या शेपटीच्या जोरावर निकेलच्या कॉलमवर पकडलं, टीईव्ही प्रोटिएजने ती शेपटी कापली आणि शेवटी आकारानुसार वेगळं करणाऱ्या कॉलममधून काढलं. जेलवर एकच पट्टा आला की बरेच जण पुढे जातात. माझ्या मते तेवढं पुरत नाही. जेलवर शुद्ध दिसणारं प्रथिन द्रावणात गुठळ्या करून बसलेलं असू शकतं. सगळे रेणू एकाच आकाराचे, एकाच स्थितीत असतील तरच ते रांगेत बसतात. म्हणून कॉलमचं शिखर दोन्ही बाजूंना सारखं आहे ना हे पाहायचं, आणि प्रकाशाच्या विकिरणावरून कणांचा आकार मोजायचा. आमच्या एन्झाइमच्या सुरुवातीची काही अमिनो आम्लं सैल, घडी न घेणारी असावीत असा अंदाज होता. म्हणून पूर्ण लांबीचं आणि आखूड केलेलं, अशी दोन रूपं सुरुवातीपासून समांतर चालवली. पुढे आखूड रूपानेच स्फटिक दिले. पूर्ण लांबीचं रूप शेवटपर्यंत गढूळच राहिलं.

बफरबद्दल एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती फार कमी ठिकाणी लिहिलेली असते. प्रथिन फॉस्फेट बफरमध्ये ठेवू नये. स्फटिकासाठी आजमावून पाहायच्या द्रावणांच्या संचात, म्हणजे चाळणीत, कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त असतं. फॉस्फेटशी त्यांची गाठ पडली की सुंदर, टोकदार स्फटिक तयार होतात. ते क्षाराचे असतात.

मग थेंब. पद्धत बाष्प-विसरणाची. छोट्या खळग्यात प्रथिनाचं द्रावण आणि प्रथिनाला द्रावणाबाहेर ढकलणारं द्रावण समप्रमाणात मिसळायचं. शेजारच्या टाकीत तेच दुसरं द्रावण पूर्ण तीव्रतेने ठेवायचं आणि वरून पारदर्शक पट्टी चिकटवून सगळं हवाबंद करायचं. थेंबातली तीव्रता टाकीच्या निम्मी असल्यामुळे थेंबातलं पाणी वाफ होऊन हळूहळू टाकीकडे जातं. थेंब आक्रसतो आणि प्रथिन अतिसंपृक्त होत जातं. फार वेगाने झालं तर साका बसतो. बेतानं झालं तर केंद्रकं जन्मतात आणि वाढतात. कोणतं द्रावण लागू पडेल हे आधी सांगता येत नाही. १९९१ साली जॅनकारिक आणि किम यांनी आधी यशस्वी ठरलेल्या परिस्थितींतून निवडक नमुने घेऊन एक विरळ चाळणी मांडली, आणि आजच्या तयार संचांची वाट तिथूनच निघाली. ९६ खळग्यांची एक प्लेट यंत्रमानव काही मिनिटांत लावतो. थेंब मायक्रोलिटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे. प्रथिन दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम इतकं तीव्र ठेवलं होतं आणि लावण्याआधी जोरात फिरवून त्यातली धूळ तळाला बसवली होती.

प्लेट पाहण्याची सवय लागायला वेळ लागतो. बहुतेक थेंब स्वच्छ राहतात किंवा तपकिरी साक्याने भरतात. नवखी नजर ‘काहीच नाही’ म्हणून पुढे जाते. पण निम्म्याहून जास्त थेंबांत साका असेल तर प्रथिन जास्त तीव्र आहे, जवळजवळ सगळे स्वच्छ असतील तर कमी पडतंय. तपकिरी, आकारहीन साका वाईट, पण पांढुरका, दाणेदार साका ध्रुवित प्रकाशात चमकत असेल तर तो आशेचा. मी प्रत्येक थेंबाची नोंद ठेवत गेले, रिकाम्या थेंबांचीसुद्धा. पुढची प्लेट याच नोंदींतून ठरली.

आमचा पहिला स्फटिक ध्रुवित प्रकाशात निळा-नारिंगी चमकत होता. मी प्लेट घेऊन प्रयोगशाळेतल्या वरिष्ठ ताईंकडे गेले. त्यांनी डोळे सूक्ष्मदर्शकावरून न काढताच म्हटलं, “आधी सुई लाव, मग आनंद कर.” प्रथिनाचा स्फटिक मऊ असतो, सुईने दाबला की आवाज न करता भुगा होतो. क्षाराचा कडक असतो, सुईला दाद देत नाही आणि फुटलाच तर कट्कन फुटतो. दुसरी चाचणी निळ्या रंगाची: प्रथिनाच्या स्फटिकात पाण्याच्या रुंद वाटा असतात, रंग त्यांतून आत शिरतो आणि स्फटिक भोवतालच्या द्रावणापेक्षा गडद होतो. तिसरी अतिनील प्रकाशाची, ट्रिप्टोफॅन असेल तर प्रथिन त्यात उजळतं. तो पहिला स्फटिक क्षाराचाच निघाला. शेजारच्या ओळीत मात्र, पीईजी ३३५० (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, प्रथिनाला द्रावणाबाहेर ढकलणारं द्रव्य) असलेल्या थेंबात, केसांसारख्या बारीक सुयांचा झुबका होता, आणि तो अतिनील प्रकाशात लख्ख उजळला. दिसायला अगदी सामान्य, तरी प्रथिनाचा होता.

सुयांवर मोजणी करणं अशक्य नव्हतं, पण चांगली नसती. आता २४ खळग्यांच्या प्लेटवर एका बाजूने पीईजीचं प्रमाण १४ ते २४ टक्के, दुसऱ्या बाजूने सामू ६.० ते ७.५ असा पट मांडला. सुया जाड झाल्या, एवढंच. खरा फरक बीजारोपणाने पडला. स्फटिक जन्मायला जेवढी अतिसंपृक्तता लागते, त्याहून कमी त्याला वाढायला पुरते. मधल्या पट्ट्यात द्रावण स्वतःहून केंद्रक बनवत नाही, पण तयार केंद्रक मिळालं तर त्यावर रेणू लागत जातात. म्हणून सुयांचा झुबका टाकीच्या द्रावणात बारीक मण्यासोबत हलवून चुरडला, त्या चुऱ्याची दहापटीने विरळ होत जाणारी मालिका केली, आणि पीईजी थोडं कमी असलेल्या थेंबांत प्रत्येकाचा अंश टाकला. दाट बीजाच्या थेंबांत शेकडो कण आले, फार विरळ बीजाच्या थेंबांत काहीच नाही. मधल्या एका पातळीवर थेंबागणिक मोजकेच, स्वच्छ कडांचे, पाव मिलिमीटरच्या आसपास लांबीचे प्रिझम उभे राहिले. या कामात मला सर्वांत समाधान देणारा टप्पा हाच वाटतो, कारण इथे आपण नशिबावर न राहता द्रावणाची अवस्था समजून पाऊल टाकतो.

स्फटिक हाताळताना तो निम्मा पाण्याचा आहे हे विसरून चालत नाही. १९३४ साली बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट, पुढच्या डोरोथी हॉजकिन, यांनी पेप्सिनचे स्फटिक त्यांच्या मूळ द्रावणातच, बंद काचनळीत ठेवून क्ष-किरणांपुढे धरले तेव्हा पहिल्यांदा प्रथिनाचे सुस्पष्ट ठिपके, म्हणजे स्फटिकातून विखुरलेल्या किरणांच्या खुणा, मिळाले. कोरड्या स्फटिकात ती रचनाच कोसळते. आजही पट्टी कापून थेंब उघडला की हात झरझर चालवावे लागतात, नाहीतर थेंबावर साय धरते.

त्यानंतर भिजवणं, म्हणजे एन्झाइमला रोखणारा रेणू स्फटिकात शिरावा म्हणून स्फटिक त्याच्या द्रावणात ठेवणं. आमचा रेणू पाण्यात फारसा विरघळत नव्हता, म्हणून तो डीएमएसओ या द्रावकात होता. आधी नुसत्या ५ टक्के डीएमएसओमध्ये काही स्फटिक ठेवले: तडे जातात का, कडा विरघळतात का, आणि मुख्य म्हणजे ठिपके टिकतात का. ते टिकले, मग रेणूसकट भिजवले. या कामासाठी आम्ही मूळ रेणूचं ब्रोमीनचा अणू जोडलेलं रूप मुद्दाम बनवून घेतलं होतं. त्याचा उपयोग पुढे सांगते.

गोठवण्याबद्दल थोडं सविस्तर. मोजणी १०० केल्विनला, म्हणजे उणे १७३ अंश सेल्सिअसला होते. क्ष-किरण स्फटिकातल्या पाण्यात मुक्त मूलकं तयार करतात आणि ती फिरून प्रथिन पोखरतात. थंडीत त्यांचा संचार जवळजवळ थांबतो. पण पाणी बर्फ झालं तर स्फटिक उसवतो. म्हणून ग्लिसरॉल किंवा तत्सम काही घालायचं, म्हणजे पाणी काचेसारखं अस्फटिक गोठतं. किती घालायचं? स्फटिकाविना, नुसत्या द्रावणाचा लूप (स्फटिक उचलायचा बारीक फास) गोठवून पाहावा: पारदर्शक राहिला तर ठीक, दुधाळ झाला तर कमी पडलं. बर्फ राहिलाच तर तो प्रतिमेत ३.९, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) वर्तुळांनी स्वतःची ओळख देतो. आम्हाला २० टक्के ग्लिसरॉल पुरलं. ठिपके खराब आले तर दोष स्फटिकाचा की गोठवण्याचा, हे कळायला एक स्फटिक खोलीच्या तापमानाला, न गोठवता तपासावा. हे बहुतेक जण टाळतात आणि मग चांगला स्फटिक देणारी परिस्थितीच सोडून देतात.

मोजणीची रात्र प्रयोगशाळेतल्या संगणकापुढे काढली. सिंक्रोट्रॉनवरच्या बहुतेक बीमलाइन (मोजणीची केंद्रं) आता दुरून चालवता येतात. यंत्रमानव गोठवलेल्या स्फटिकांच्या टाकीतून पिन उचलतो, शलाकेपुढे लावतो, आपण पडद्यावर स्फटिक मध्यात आणतो. आधी एकमेकांशी ९० अंशांच्या कोनात दोन चाचणी प्रतिमा घ्यायच्या. एकाच बाजूने पाहिलेला स्फटिक फसवतो: एका बाजूने सुटे, गोल ठिपके आणि दुसऱ्या बाजूने लांबट, चिरलेले, असं पातळ स्फटिकांत नेहमी होतं. मला प्रतिमेत ठिपक्यांचा विस्तार पाहण्याआधी त्यांचा आकार पाहायला आवडतं. दूरवर पोचणारे पण दुभंगलेले ठिपके दोन स्फटिक चिकटल्याचं सांगतात, आणि अशी माहिती नंतर सोडवताना हाल होतात. आमच्यापैकी काही स्फटिक तसेच होते, ते बाजूला ठेवले.

चांगल्या स्फटिकांवर ०.१ अंशाच्या बारीक फिरकीने पूर्ण ३६० अंश घेतले, शलाका क्षीण करून. पूर्ण तीव्रतेने पहिल्या प्रतिमा झळाळत्या येतात, पण मोजणी संपेपर्यंत स्फटिक बदललेला असतो: डायसल्फाइड बंध तुटतात, ॲस्पार्टेट आणि ग्लुटामेटचे कार्बोक्सिल गट गळतात. एन्झाइमच्या खाचेत हेच गट कामाचे असतात, तेव्हा तिथे दिसलेला बदल रेणूमुळे झाला की किरणांमुळे, हा गोंधळ कुणालाच नको. भिजवलेल्या स्फटिकासाठी तरंगलांबी ०.९२ अँगस्ट्रॉमच्या किंचित खाली ठेवली, कारण ब्रोमीन तिथे क्ष-किरण विशेष जोराने शोषतो.

ठिपक्यांपासून आकड्यांपर्यंतचं काम एक्सडीएस या सॉफ्टवेअरने केलं. अवकाश-गट, म्हणजे स्फटिकातल्या रेणूंच्या मांडणीची सममिती, निघाला पी दोन-एक, दोन-एक, दोन-एक. एकूण २३० अवकाश-गट असले तरी प्रथिनांना त्यांतले ६५ च उपलब्ध असतात, कारण एकाच हाताच्या अमिनो आम्लांनी बनलेल्या रेणूला आरसा चालत नाही. एककपेशीच्या (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठोकळ्याच्या) आकारमानावरून मॅथ्यूज यांच्या १९६८ च्या गणिताने तिच्या स्वतंत्र, सममितीने न मिळणाऱ्या भागात प्रथिनाच्या दोन प्रती आणि सुमारे ४९ टक्के पाणी असा अंदाज आला. माहिती किती बारीक तपशिलापर्यंत धरायची आणि कुठे तोडायची यावर मतं वेगळी असतात. मी जुना संकेत सोडून कार्पलस आणि डीडेरिक्स यांनी २०१२ मध्ये सुचवलेल्या, माहितीचे दोन अर्धे एकमेकांशी किती जुळतात या कसोटीवर गेले. मर्यादा १.९ अँगस्ट्रॉमवर आली. इथे बाजूसाखळ्या आणि पाणी छान ओळखू येतं; शेजारचे दोन कार्बन मात्र सुटे दिसत नाहीत, त्यांच्यातलं अंतरच साधारण १.५ अँगस्ट्रॉम असतं.

आता या शास्त्राची मूळची अडचण. डिटेक्टर तरंगांची तीव्रता मोजतो, त्यांचा फेज (तरंगाचा चढ-उतार नेमका कुठे आहे ते) हरवतो, आणि नकाशाला दोन्ही लागतात. पेरुट्झ यांनी १९५० च्या दशकात हिमोग्लोबिनला पाऱ्याचे जड अणू जोडून या कोंडीतून वाट काढली. केंड्र्यू यांच्या गटाने जड अणूंच्याच मदतीने १९५८ साली मायोग्लोबिनची पहिली रचना मांडली. दोघांना १९६२ चं नोबेल मिळालं. आम्हाला तेवढे कष्ट पडले नाहीत: अल्फाफोल्डचं प्रारूप घेऊन, स्फटिकात ते कुठे आणि कोणत्या दिशेने बसतं हे फेझर या सॉफ्टवेअरने शोधलं. दोन तयारी मात्र आवश्यक असतात. कमी विश्वासाचे भाग छाटायचे. आणि अल्फाफोल्ड आपला विश्वासांक ज्या रकान्यात लिहितं तिथे स्फटिकशास्त्रात अणूची अस्थिरता असते, म्हणजे मोठा आकडा एकीकडे चांगला आणि दुसरीकडे वाईट. तो उलटवून घ्यावा लागतो.

उत्तर मिळालं, आकडे भक्कम होते. तरीही इथेच सर्वाधिक सावध राहायचं, कारण उसन्या फेजमधून निघालेला नकाशा उसन्या प्रारूपासारखाच दिसतो. मी पाहिलं ते छाटून टाकलेल्या भागाकडे. खाचेच्या तोंडाशी असलेलं एक वेटोळं मी प्रारूपातून काढलं होतं, आणि मोजणी व प्रारूप यांच्यातली तफावत दाखवणाऱ्या फरकाच्या नकाशात त्याच जागी हिरवी घनता स्वतःहून उभी राहिली, कण्याच्या वळणासकट. आपण न दिलेली गोष्ट नकाशाने दाखवली की उत्तर बरोबर आहे यावर माझा विश्वास बसतो.

पुढचे आठवडे कूट या प्रारूप घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये गेले. निळा नकाशा, हिरवे आणि लाल गोळे. हिरवं म्हणजे इथे काहीतरी राहिलंय, लाल म्हणजे इथे नसलेलं बसवलंय. ॲस्पाराजिनच्या टोकाचा नायट्रोजन आणि ऑक्सिजन या मर्यादेवर सारखेच दिसतात, तेव्हा शेजारी कोण हायड्रोजन देतो नि घेतो यावरून बाजू ठरवायची. प्रत्येक पाण्याला निदान एखादा हायड्रोजन बंध असायला हवा. ब्रुंगर यांनी १९९२ मध्ये सुचवल्याप्रमाणे सुमारे ५ टक्के ठिपके सुरुवातीलाच बाजूला काढले होते. त्यांच्यावर प्रारूप कधीच घडवायचं नाही, फक्त तपासायचं. भिजवलेल्या आणि न भिजवलेल्या स्फटिकांची एककपेशी सारखी असेल तर दोन्हींसाठी तेच ठिपके बाजूला ठेवावे लागतात, नाहीतर ही कसोटी निकामी होते. शेवटी मुक्त आर-घटक, म्हणजे बाजूला काढलेल्या ठिपक्यांशी प्रारूपाची तफावत, ०.२२ वर आला.

प्रथिनाच्या कण्याची कोणती वळणं शक्य आहेत ते दाखवणारा रामचंद्रन आलेख रोज उघडा असायचा. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी तो १९६३ साली मद्रासहून प्रसिद्ध केला, आणि आज जगातली प्रत्येक प्रथिन-रचना त्यातून तपासली जाते याचा मला मनापासून अभिमान आहे. आमचं एक अमिनो आम्ल आलेखाच्या निषिद्ध भागात पडत होतं. ते ओढून आत आणणं सोपं होतं. पण घनता दोन्ही प्रतींत निःसंदिग्ध होती आणि ते खाचेतलं, ताणलेलं अमिनो आम्ल होतं. ते तिथेच ठेवलं.

आणि ज्यासाठी हे सारं चाललं होतं तो रेणू. पहिल्या प्रतीच्या खाचेत हिरवी घनता होती, आमच्या रेणूच्या लांबीची. पण खाचेत ग्लिसरॉल बसतो, पीईजीचा तुकडा बसतो, बफर बसतं, आणि शोधणाऱ्या नजरेला त्या सगळ्यांत आपला रेणू दिसतो. म्हणून ब्रोमीन. असंगत विकिरणाचा, म्हणजे क्ष-किरण असे विशेष जोराने शोषणारे अणूच दाखवणारा, नकाशा काढला तेव्हा घनतेच्या एका टोकाला एकच उंच शिखर आलं, जिथे ब्रोमीन असायला हवा बरोबर तिथे. दुसऱ्या प्रतीत तसं शिखर नव्हतं. तिथली घनता आखूड होती, ग्लिसरॉलच्या मापाची, आणि शेजारच्या प्रथिन-रेणूची एक बाजूसाखळी खाचेचं तोंड अडवून बसलेली दिसत होती. दोन्ही प्रतींत रेणू दाखवला असता तर चित्र अधिक देखणं झालं असतं. दुसऱ्या प्रतीत ग्लिसरॉल ठेवला.

१९७१ साली अवघ्या सात रचनांनी सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँकेत आज दोन लाखांहून जास्त रचना आहेत. आमची रचना तिथे देताना ठिपक्यांची माहिती, तपासणीचा अहवाल आणि रेणूभोवतीची घनता सगळं सोबत गेलं. कच्च्या प्रतिमा वेगळ्या सार्वजनिक भांडारात ठेवल्या, कारण उद्या कुणाला आमच्यापेक्षा चांगली पद्धत सापडेल. सुरुवातीच्या काही अमिनो आम्लांची घनता आखूड रूपातही नव्हती. ती बसवली नाहीत, नोंदीत ती ‘न दिसलेली’ म्हणून आहेत. आता खाचेच्या तोंडाचं वेटोळं उरलं आहे. भिजवलेल्या स्फटिकात रेणू बसल्यावरही ते उघडंच राहतं, आणि शेजाऱ्यांनी जखडल्यामुळे ते मिटू शकत नसेल अशी शंका आहे. म्हणून रेणू आधीच प्रथिनात मिसळून नव्याने चाळणी लावली आहे. त्यातल्या काही थेंबांत दाणेदार साका आहे, आणि त्यावर जुन्या प्रिझमच्या चुऱ्याचं बीज टाकून पाहायचं आहे.